रोजचा एक फोटो

उर्दूत एकटा माणूससुद्धा स्वतःला 'हम' म्हणतो. त्यात बडेजाव नसतो, बोलण्याचे वळण असते. आमच्या अब्बांना ते वळण होते. त्यांच्याकडून ते आमच्याकडे आले आणि मराठी लिहितानाही सुटले नाही. तेव्हा या लेखात जिथे जिथे 'आम्ही' येईल तिथे वाचकांनी एकच माणूस समजावा. वय छत्तीस, बी.एड., डोंगरीतल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत शिक्षक, राहणार कुर्ला, मूळ गाव रायगड जिल्ह्यात खाडीकाठी. आमची शाळा उर्दूत झाली, बाजारहाट मराठीत आणि घरातले बोलणे कोकणीत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण या 'आम्ही'ने एकदा आमची चांगलीच पंचाईत केली. ते पुढे येईलच.

शुक्रवार, 15 सप्टेंबर 2023 रोजी बेस्टची शेवटची जुनी दुमजली बस अंधेरीत धावली. डिझेलवर चालणाऱ्या, उघड्या खिडक्यांच्या या लाल बसगाड्या 1937 पासून मुंबईत होत्या. विजेवरच्या वातानुकूलित दुमजली बसगाड्या त्याच वर्षी फेब्रुवारीत आल्या होत्या, पण त्यांच्या काचा उघडत नाहीत. हारतुरे घातलेल्या त्या शेवटच्या बसचा फोटो दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात पाहिला आणि लहानपण आठवले. गावाहून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरायचे, तिथून बस पकडायची, आणि अब्बा सामान सांभाळत खाली उभे असताना आम्ही धावत वरच्या मजल्यावर जाऊन अगदी पुढच्या बाकावर बसायचे. समोर चालक नाही, काही नाही, नुसती मोठी काच आणि अंगावर येणारे शहर. झाडांच्या फांद्या काचेवर सपकन आपटायच्या. मुंबई म्हणजे आमच्या लेखी ती काच होती.

त्याच शनिवारी कुर्ला स्थानकाबाहेरच्या बसथांब्याचा फोटो मोबाईलवर काढला आणि ठरवले की रोज एक काढायचा. फक्त एकच. त्यासाठी मुद्दाम कुठे जायचे नाही, शाळेत जाता-येता जे दिसेल तेच. इमारती, पूल, फलाट, बसगाड्या. माणसांचे चेहरे घ्यायचे नाहीत. हा शेवटचा नियम अम्मीचा. माणसांच्या तसबिरी घरात नकोत, असे तिचे जुन्या वळणाचे मत. विटांना आणि लोखंडाला तिची हरकत नाही. आज आठशेच्या वर फोटो झाले आहेत. पुष्कळसे सामान्य आहेत, काही तर वाकडेच. पण रोजच्या रोज काढल्यामुळे त्यांत एक गोष्ट आली जी एकेकट्या सुंदर फोटोत येत नाही. शहर हलताना दिसू लागले.

आमचा रस्ता हार्बर मार्गाचा. देशातली पहिली विजेची गाडी 3 फेब्रुवारी 1925 रोजी धावली ती याच मार्गावर, तेव्हाच्या व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत. म्हणजे इतिहासातले सगळ्यात पहिले अंतर आम्ही रोज चेंगरत पार करतो. 3 फेब्रुवारी 2025 रोजी शंभर वर्षे भरली त्या दिवशी आम्ही डब्याच्या टपावरचा, तारेला टेकलेला तो लोखंडी हात टिपला. शेजारच्या प्रवाशाने विचारले, "काय बिघडलंय?" शंभर वर्षे झाली असे सांगितल्यावर तो म्हणाला, "मग पंखा तरी चालू करायला सांगा." हार्बरवाल्यांना इतिहासाची अशी ओढ असते.

पश्चिम उपनगरांतली माणसे हार्बरला गरिबांची लाइन समजतात. आहेच. पण खिडकीतून जे दिसते ते त्यांच्या लाइनीला नाही. शिवडीला खाडीकडच्या बाजूला अटल सेतूचे उंच वळणदार रस्ते दिसतात. 12 जानेवारी 2024 रोजी त्याचे उद्घाटन झाले, त्याआधीचे काही महिने त्या खांबांवर रस्ता कसा बसत गेला ते आमच्याकडे आहे. कॉटन ग्रीनला कापसाच्या जमान्यातली गोदामे आहेत. रे रोडला आधी आकाशात एक खांब उभा राहिला, मग त्याला तारा बांधल्या, मग तारांना रस्ता टांगला गेला आणि मे 2025 मध्ये त्यावरून गाड्या सुरू झाल्या. हे फोटो ओळीने लावून मोबाईलवर भरभर सरकवले की सातवीची पोरे ओरडतात, "सर, पूल बढ रहा है!" जणू तो दुधीचा वेल आहे.

उतरतो सँडहर्स्ट रोडला. हे स्थानक दुमजली आहे. खाली मध्य रेल्वेची मुख्य लाइन, वर खांबांवर चढलेली हार्बर. वरचा फलाट 1921 सालचा. गाडी इथे घरांच्या इतक्या जवळून जाते की कुणाच्या स्वयंपाकघरात आज काय शिजते आहे ते कळावे. 2024 साली राज्य विधिमंडळाने मुंबईतल्या काही स्थानकांची इंग्रजी नावे बदलण्याचा ठराव केला, त्यात सँडहर्स्ट रोडसाठी 'डोंगरी' हे नाव सुचवले आहे. आम्हांला ते आवडले. डोंगरी म्हटले की सिनेमावाल्यांना टोळीयुद्धच सुचते. स्थानकाच्या पाटीवर ते नाव आले तर रोज हजारो माणसांच्या तोंडी ते साध्या पत्त्यासारखे येईल.

पुढचे स्थानक मस्जिद. एकदा वर्गात त्या पाटीचा फोटो दाखवून आम्ही विचारले, हे कोणत्या मशिदीचे नाव? हात वर झाले. जामा मस्जिद, मिनारा मस्जिद, जकरिया मस्जिद. एकाने इराण्यांची मुघल मस्जिदसुद्धा सांगितली, डोंगरीतली, 1860 ची, निळ्या फरश्यांची. सगळी उत्तरे चुकली. ते नाव पडले आहे यहुद्यांच्या प्रार्थनास्थळावरून. सॅम्युअल स्ट्रीटवर बेने इस्रायली लोकांचे 'शार हारहमीम' आहे, 1796 साली स्थापन झालेले, मुंबईतले सर्वांत जुने. ज्यांनी ते उभारले त्या सॅम्युअल दिवेकरांचे नाव रस्त्याला मिळाले, आणि लोक ज्याला मशीद म्हणत त्या प्रार्थनास्थळाचे नाव स्थानकाला. दिवेकर हे आडनाव दिवे गावावरून, म्हणजे आमच्याच किनाऱ्याचे. हे लोक कोकणात तेलाचे घाणे चालवत, शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. एका मुलाने विचारले, "सर, यहूदी मराठी बोलते थे?" आम्ही म्हणालो, "बोलते थे नहीं, आज भी बोलते हैं. तुमसे अच्छी." वर्ग हसला. पण तो मुलगा हसला नाही. त्याला बहुधा पहिल्यांदाच कळले असावे की मराठी ही कुणाच्या धर्माची भाषा नाही. मराठीच्या तासाला आम्हांला हे पाठ्यपुस्तकातून सांगता आले नव्हते, ते रेल्वेच्या पाटीने सांगितले.

मग आम्ही हाच धडा पुढे वाढवला. फोटो दाखवायचा आणि मुलांकडून त्या भागाचे नाव आधी उर्दूत, मग मराठीत घ्यायचे. मेहराब म्हणजे कमान, सुतून म्हणजे खांब, गुंबद म्हणजे घुमट, मीनार म्हणजे मनोरा. पाच-सहा शब्द वेगळे निघाले, पण त्यानंतर गंमत सुरू झाली. इमारतीला मराठीत काय? इमारत. दरवाजाला? दरवाजा. फर्शला फरशी, हौजला हौद, मंजिलला मजला. खिडकीच्या काचेला मराठीत तावदान म्हणतात, तोही फारसीच. फळा भरला. अरबी-फारसी निघून गेली तर मराठी माणसाच्या घराला मजला, फरशी आणि दरवाजा राहणार नाही, हे पोरांच्या ध्यानात आल्यावर त्यांना जो आनंद झाला तो परीक्षेत पहिले येण्याच्या आनंदापेक्षा कमी नव्हता. आपल्यातले काहीजण मराठीला परकी समजतात, आणि त्या बाजूचे काहीजण आपल्याला. दोघांनीही आपापली घरे एकदा मराठीत वर्णन करून पाहावीत.

महिन्यातून एखाद-दोनदा संध्याकाळी बोरीबंदरपर्यंत चालत जाऊन तिथून गाडी पकडतो. वाटेत पायधुणी. मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली 9 मे 1874 रोजी, आणि तिच्या पहिल्या मार्गांवर कुलाबा आणि पायधुणी ही दोन टोके होती. विजेची ट्राम 1907 मध्ये आली आणि 31 मार्च 1964 च्या रात्री बंद झाली. पुढे जामा मस्जिद, 1802 मध्ये पूर्ण झालेली, जिच्या पोटात अजून तलाव आहे. काळ्या दगडी कमानी पाण्यात उभ्या आहेत आणि त्यांच्यावर मशीद. वजूच्या वेळी दगडावर हलणारा पाण्याचा उजेड मोबाईलवर पाच वेळा काढून पाहिला, येत नाही. त्याच्यापुढे क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा फुले मंडई, 1869 ची. आणि मग ते बोरीबंदर.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसविषयी सगळ्यांनी लिहिले आहे. स्टीव्हन्सने 1878 मध्ये काम सुरू केले, दहा वर्षे लागली, 2004 मध्ये ते जागतिक वारसा झाले. आम्ही फक्त एवढेच सांगतो की त्यावरची माकडे, मोर आणि पाने जे. जे. कलाशाळेतल्या आपल्याच पोरांच्या हातची आहेत. आमची आवडती जागा मात्र त्याच्या समोर आहे. पर्यटक पाठ करून उभे राहतात त्या बाजूला अंजुमन-ए-इस्लामची इमारत आहे, 1893 ची. संस्था 1874 ची. बदरुद्दीन तय्यबजी आणि आमचे कोकणी नाखुदा मोहम्मद अली रोगे यांच्यासारख्यांनी काढलेली. ज्या वर्षी पायधुणीला ट्राम आली त्याच वर्षी मुसलमानांची आधुनिक शिक्षणाची संस्था आली. बाजूला महापालिकेची इमारत, तीही 1893 ची आणि स्टीव्हन्सचीच. स्थानक, नगरपालिका आणि शाळा अशी एकमेकांकडे तोंड करून आहेत, आणि तिसरी आपली आहे. पर्यटकांनी जरा मान वळवली तर दिसेल.

आता ती पंचाईत.

2024 च्या पावसाळ्यात एका स्थानकावर (नाव सांगत नाही) आम्ही जुन्या ओतीव लोखंडाच्या खांबांचा फोटो काढत होतो. दाढी आहे, डोक्यावर टोपी होती, पाठीवर पिशवी. खाकीतले एक गृहस्थ जवळ आले.

"काय काढताय?"

"खांब."

"खांब? कशाला?"

"आम्ही रोज एक फोटो काढतो."

ते एकदम सावध झाले. "आम्ही म्हणजे? अजून कोण कोण आहे बरोबर?"

"कुणी नाही. आम्ही एकटेच."

हे उत्तर देऊन झाल्यावर ते किती वाईट ऐकू येते ते आमच्या लक्षात आले. पंधरा मिनिटांनी आम्ही चौकीत बाकावर बसलो होतो आणि ते गृहस्थ मोबाईल सरकवत होते. पूल, फलाट, जिने, बसथांबे, पुन्हा पूल. सव्वातीनशे फोटो. "यात एकही माणूस नाही," ते म्हणाले. "बायको-मुलं नाहीत तुम्हांला?" आहेत म्हटले. अम्मीचा नियम समजावून सांगावा असे मनात आले, पण तिथे अम्मीला आणणे बरे वाटले नाही. शाळेचे ओळखपत्र पाहिले, आधार पाहिले, गाव विचारले. मग त्यांचा चेहरा सैल झाला. "कोकणातले होय! मराठी चांगलं बोलता तुम्ही."

हे वाक्य वाचकांपैकी कुणाकुणाला, किती वेळा ऐकावे लागले असेल ते आम्ही विचारत नाही. चारशे-पाचशे वर्षे ज्या भाषेत आमच्या आजी-पणजींनी ओव्या म्हटल्या ती आम्ही चांगली बोलतो, म्हणून आम्हांला सोडण्यात आले.

त्या गृहस्थांविषयी आमची तक्रार नाही. त्यांनी बसायला जागा दिली, चहा विचारला, आवाज चढवला नाही. 11 जुलै 2006 ला लोकलच्या डब्यांत काय झाले आणि 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री बोरीबंदरच्या फलाटांवर काय झाले, हे ज्यांनी पाहिले त्यांना फलाटावरचा मोबाईल साधा दिसत नसेल. त्या दोन्ही दिवशी मेलेल्यांत आपल्या नावांचीही माणसे होती, आम्हीही त्याच डब्यांतून जातो, त्यांनी आम्हांला तपासावे. फक्त त्याच आठवड्यात त्याच खांबांसमोर एक परदेशी जोडपे मोठा कॅमेरा तिवईवर लावून अर्धा तास उभे असलेले आम्ही पाहिले. लोक त्यांच्यासाठी बाजूला होत होते. शहर पाहण्यासाठी परक्या देशातून आलेल्याला कारण सांगावे लागत नाही. इथल्याला लागते.

घरी आल्यावर पत्नी म्हणाली, "फोटोत माणसं घ्या आता. रिकामी शहरं कोण काढतं?" आणि मुख्याध्यापकांनी आपण होऊन शाळेच्या कागदावर शिक्क्यासह पत्र दिले की सदर शिक्षक शैक्षणिक उपक्रमासाठी छायाचित्रे घेतात. ते पत्र आजही पाकिटात आहे, घड्यांवर फाटत आले आहे. वापरावे लागलेले नाही. पण कुठेही मोबाईल वर उचलण्याआधी हात एकदा खिशावरून फिरतो.

आता शेवटची गोष्ट, जी आमच्या दृष्टीने या सगळ्या फोटोंत महत्त्वाची.

मोहम्मद अली रोड, इमामवाडा, डोंगरी, भेंडीबाजार या भागात फिरताना डोळे वर ठेवले तर काय नाही दिसत. लाकडी कठड्यांच्या गॅलऱ्या, ओतीव लोखंडाचे कंस, रंगीत तावदाने, गोलाकार कोपऱ्यांच्या 'आर्ट डेको' इमारती. 2018 मध्ये ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हच्या इमारती जागतिक वारसा झाल्या; त्याच घराण्यातल्या गॅलऱ्या इथेही आहेत, त्यांच्यावर चादरी वाळत असतात एवढाच फरक. 2002 मध्ये झालेल्या, मखदूम अली माहिमींच्या नावाच्या उड्डाणपुलावरून टॅक्सीने गेले की त्या अगदी हाताशी येतात. आम्ही त्यांचे खूप फोटो काढले. सातवीतला एक मुलगा ते पाहत होता. एका फोटोवर त्याचे बोट थांबले. "सर, ये तो हमारी बिल्डिंग है."

आम्ही कौतुकाने म्हणालो, "बहुत खूबसूरत है."

तो म्हणाला, "सर, अंदर टेकू लगे हैं."

31 ऑगस्ट 2017 रोजी पाकमोडिया स्ट्रीटवरची इमारत कोसळून 33 माणसे गेली. 16 जुलै 2019 रोजी डोंगरीत पुन्हा तेच. आमच्या शाळेतल्या मुलांना जिन्यावरून उतरताना भिंतीला हात न लावण्याची सवय असते, हे आम्ही शिकवलेले नाही. उपकरप्राप्त इमारत, पागडीची खोली, मालक दुरुस्ती करत नाही कारण भाडे किरकोळ, भाडेकरू सोडत नाही कारण सोडली तर हक्क गेला. मधे लाकडाचा टेकू. भेंडीबाजारात साडेसोळा एकरांवर सुमारे अडीचशे जुन्या इमारतींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत. आमचे काही चित्रकार-लेखक मित्र त्यावर हळहळतात. त्या हळहळीत आम्हांला फारसे सामील होता येत नाही. त्या गॅलऱ्या जाव्यात असे कुणाला वाटेल? पण ज्याला संडासासाठी रांगेत उभे राहावे लागते आणि पावसाच्या रात्री पोरांना कडेवर घेऊन जागावे लागते, त्याला वारशाचे महत्त्व खालच्या रस्त्यावरून सांगणे आम्हांला जमत नाही. आम्ही फोटो काढतो, कुर्ल्याला जाऊन झोपतो.

गेल्या वर्षी पावसाळ्याआधी त्या मुलाच्या इमारतीला खाली करण्याची नोटीस लागली. संक्रमण शिबिरात जायचे, तेही दूर. एका शनिवारी शाळा सुटताना त्याची आई गेटवर आली, बुरख्यात, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत भाड्याच्या पावत्या. तिने सांगितले की पावत्या आहेत, पण पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या काही पावसात भिजून गेल्या, आणि खोलीचा क्रमांक त्यांच्यावर नीट दिसत नाही. मुलगा म्हणाला होता की सर बिल्डिंगचे फोटो काढतात. दाराचा एक काढून द्याल का? असा फोटो कचेरीत पुरावा म्हणून चालेल की नाही हे आम्हांला सांगता येत नव्हते, तिलाही ते ठाऊक होते. तरी फाईलला लावायचा होता.

आम्ही गेलो. तीन मजले, दर मजल्यावर टेकू, टेकूला बांधलेल्या दोरीवर कपडे. दाराच्या चौकटीवर पत्र्याचा क्रमांक होता, कितीतरी वेळा रंगाखाली गेलेला. मुलाने तो खिळ्याने खरवडून मोकळा केला. उजेड कमी होता म्हणून शेजारणीने आपला दिवा धरला. आम्ही मोबाईल वर केला तेव्हा ती म्हणाली, "जरा रुको मास्टरजी. मैं भी खडी रहूँ क्या? नहीं तो बोलेंगे, दरवाजा तो किसी का भी हो सकता है."

ती आत जाऊन आली. चेहऱ्यावरचा नकाब बाजूला करून दाराशी उभी राहिली, एक हात चौकटीवर, क्रमांकाच्या खाली. आठशे फोटोंतला हा चेहरा असलेला पहिला. घरी अम्मीला दाखवला. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि विचारले, "हिला दुसरी खोली मिळाली का?"

अजून मिळालेली नाही. मुलगा आता दोन गाड्या बदलून शाळेत येतो, पहिला तास बुडतो. फोटोच्या दोन प्रती मोहम्मद अली रोडवरच्या स्टुडिओत मोठ्या करून घेतल्या. एक फाईलला लागली. दुसरी त्यांनी शिबिरातल्या खोलीत लावली आहे, असे मुलगा सांगतो, दाराच्या आतल्या बाजूला.